काटे मेले नव्हते

तीन दिवसांनी दलाल गाडी बघायला येतोय, असं भावोजींनी जेवता जेवता सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आणि सांगून झाल्यावर भातावर आमटी मागितली. सासूबाईंच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. मी स्टोव्हपाशी बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाची गाडी?"

"कुणाची म्हणजे? आपली."

"आपली म्हणजे ह्यांचीही. ते आल्याशिवाय कशी विकणार?"

थोरल्या दिरांना असं उलट विचारायची आमच्या घरात रीत नव्हती. भावोजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. आईकडे वळून म्हणाले, "आये, हिका सांग. गाडीतला काय कळता हिका?"

आमचं घर काळाचौकीला, चाळीच्या तळमजल्यावर. घरात सगळे मालवणी बोलत. माझं माहेर गिरगावातलं, त्यामुळे मी आपली माझ्या भाषेत. गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली. जाड बोनेटची जुनी अमेरिकन गाडी, टॅक्सी म्हणून चालायची. आमच्या ह्यांनी तिच्यापायी गिरणी सोडली होती. भावोजी अजून गिरणीतच होते आणि पाळी सुटली की दोन फेऱ्या मारत. संयुक्त महाराष्ट्रासाठी आमच्या भागातून सत्याग्रहींची एक तुकडी निघाली, तिच्यात हे गेले. गळ्यात झेंडूची माळ, पायात चाळीतल्या कुणाच्या तरी मागून घेतलेल्या चपला. त्यांना ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "गाडीकडे बघ हां." तेव्हा मला ते बोलणं नुसतं बोलण्यासाठी वाटलं. गाडीकडे मी काय बघणार?

हे आत गेले आणि गाडी पूर्ण भावोजींच्या हातात आली. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून त्यांनी ती रंगवून घेतली. बाहेरून आणि आतूनही. आतला डॅशबोर्ड असा काळा कुळकुळीत चमकायला लागला की सासूबाईंनी त्यात तोंड बघितलं. पण रंगवून आल्यापासून त्याच्यावरचे काटे पडले. पेट्रोलचा काटा रिकाम्यावर जाऊन बसला, टाकी भरली तरी तिथेच. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटाही तसाच. काट्यांमागचे बारीक दिवे लागेनात. एक बॅटरीचा काटा तेवढा जिवंत होता. भावोजींनी अंदाजाने चालवायचं ठरवलं आणि भायखळ्याच्या पुलावर, बोटीवर निघालेलं एक कुटुंब गाडीत असताना पेट्रोल संपलं. त्या गृहस्थांनी भर पुलावर भावोजींचा उद्धार केला, ट्रंका उतरवल्या आणि दुसरी टॅक्सी केली. नंतर एकदा लालबागला इंजिनातून वाफ निघाली. दोन्ही वेळा गाडी ढकलत आणावी लागली. स्वाभिमानी माणूस, त्यांना ते फार लागलं.

परळच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने गाडी तपासली आणि सांगितलं की आतलं सगळं वायरिंग गेलं, काटेही जळाले, हे सामान आता मिळायचं नाही. एवढं करण्यापेक्षा विकून टाका.

"मिस्त्री सांगतो म्हणजे खरं," भावोजी म्हणाले. आता ते माझ्याशी बोलत होते. "तो सुटून येईपर्यंत गाडी सडेल. आज काहीतरी येतंय तर येऊ दे."

"ते तिकडे मुंबईसाठी बसलेत आणि आपण इथे त्यांची गाडी देऊन टाकायची?"

"मुंबईचा आणि गाडीचा काय संबंध?"

संबंध मला सांगता आला नाही. आजही नीट सांगता येणार नाही. पण मला तो दिसत होता. आमच्या ओळीतल्या बायका रोज कुठल्या ना कुठल्या मोर्च्याला जात होत्या, गोळीबाराचे दिवस नुकतेच सरले होते, आणि आपलं ते आपलं असं घसा फोडून सांगायचं, मग घरी येऊन कुणी म्हणालं की विकू या, तर मान डोलवायची? माझ्याने ते होईना. मी म्हटलं, "दलाल यायच्या आधी मी बघते गाडी."

भावोजी हसले. वाईट हसले नाहीत, खरंच त्यांना हसू आलं. हात धुवायला उठता उठता म्हणाले, "बघ. काच पूस नीट."

मला विजेतलं अगदीच कळत नव्हतं असं नाही. लग्नाआधीपासून मी घोडपदेवच्या एका छोट्या कारखान्यात पंख्यांच्या मोटारींची वाइंडिंगं करत होते. बारीक तांब्याची तार सुतासारखी गुंडाळायची आणि गुंडाळून झाली की बॅटरी आणि दिवा लावून तार मध्ये कुठे तुटली नाही ना ते बघायचं. गाडीचं मात्र मी काही केलेलं नव्हतं. बोनेट उघडायचं कसं हेही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर मी घरी न येता परळला गॅरेजात गेले. मिस्त्री एका गाडीखालून बाहेर आला. वयस्कर, पान खाणारा, कामाला सरळ माणूस. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, तुम्ही काय काय तपासलंत ते मला सांगा.

"तुम्हाला कशाला?"

"मला बघायचंय."

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग काय वाटलं त्याला कोण जाणे, त्याने सांगितलं. त्याच्याकडे एक दिवा होता, गाडीचाच छोटा बल्ब, त्याला दोन तारा. एका तारेला चिमटा, दुसरीला टोकदार खिळा. चिमटा लोखंडाला लावायचा आणि खिळा जिथे वीज यायला हवी तिथे टेकवायचा. दिवा लागला तर वीज येते. "काट्यांच्या मागे लावला, नाही लागला. म्हणजे वीजच येत नाही. मग मी बॅटरीतून नवीन तार ओढून काट्याला दिली. तरी काटा हलला नाही. म्हणजे काटापण जळाला. आता सांगा, राहिलं काय?"

ऐकून मलाही ते बिनतोड वाटलं. तरी मी म्हटलं, "तुमचा हा दिवा उद्या मला द्याल?"

"उद्या हरताळ आहे. गॅरेज बंद. घेऊन जा." आणि मी निघाल्यावर मागून ओरडला, "बाई, आत हात घालायच्या आधी बॅटरीची तार सुटी करा. धातूची बांगडी अडकली तर हात भाजेल!"

हरताळाच्या दिवशी काळाचौकी वेगळीच दिसायची. दुकानांच्या फळ्या बंद, गिरण्यांचे भोंगे नाहीत, पुरुष माणसं नाक्यावर घोळक्याने उभी. गाडी आमच्या दारासमोर उभी होती. भावोजी सकाळीच नाक्यावर निघून गेले. मी पदर खोचला, मंगळसूत्र पोलक्याच्या आत टाकलं, पाना आणि पेचकस घेतला आणि पुढच्या सीटवर पाठीवर आडवी होऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

काटे एका पत्र्याच्या पाटीत बसवलेले होते आणि ती पाटी डॅशबोर्डात स्क्रूंनी घट्ट केलेली. खालून तिच्या मागे जेमतेम मनगट जाईल एवढीच फट. माझ्या उजव्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि मध्ये एक पितळेची, मुलामा दिलेली. हात आत घातला की बांगड्या पत्र्याला अडायच्या. कारखान्यात आम्ही त्या वर सारून फडक्याने बांधायचो. इथे तेवढीही जागा नव्हती. मी बाहेर आले आणि बांगड्या उतरवायला लागले.

सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून त्या उठल्याच. "गो, ह्या काय करतंस? झील माझो तुरुंगात, नि तू बांगडये काढतंस? लोक काय म्हणतले?"

लोक तोवर वरच्या गॅलरीत जमलेच होते. दुसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून बघत होती.

"हात आत जात नाही आई."

"जाव नको मगे!"

"ह्यांना काही होत नाही माझ्या बांगड्यांनी. ते माळ घालून गेलेत, रडत नाही गेलेले." मी जरा मोठ्यानेच म्हणाले, वरच्यांनाही ऐकू जावं म्हणून. "गाडी गेली तर सुटून आल्यावर करणार काय ते? परत गिरणीच्या दारात उभे राहणार?"

सासूबाईंनी पुढे होऊन आपला पदर पसरला. "हकडे दी. रस्त्यार नको ठेव." मी बांगड्या त्यांच्या पदरात ठेवल्या. त्यांनी गाठ मारली, वर गॅलरीकडे बघितलं, आणि गाडीचं दुसरं दार उघडून सीटवर येऊन बसल्या. "माका काय धरूचा ता सांग."

मी त्यांना दिवा धरायला दिला.

मिस्त्रीकडून शिकून आले होते तसं बोनेट उघडून बॅटरीची तार सुटी केली आणि मी आधी मागचं सगळं हाताने चाचपलं. रंगाऱ्याने पाटी काढताना एखादी तार तोडली असणार, असं मला वाटत होतं. एकेक तार ओढून बघितली. सगळ्या जागच्या जागी. मग बॅटरी जोडून किल्ली फिरवली, चिमटा पाटीच्या मागच्या कडेला लावला आणि खिळा पेट्रोलच्या काट्यामागे टेकवला.

"लागला?"

"नाय."

दुसऱ्या काट्यामागे.

"नाय गो."

फ्यूज बघितला, चांगला होता. तरी काढून घासून परत बसवला. किल्लीच्या मागची तार उकलून पुन्हा आवळली. दिवा लागेना. मिस्त्रीने केलं तसं बॅटरीवरून एक लांब तार आणून सरळ काट्याला दिली. काटा रिकाम्यावर पडला होता तिथेच पडून राहिला. उन्हं वर आली. मान आखडली, डोळ्यांत गंज पडला. मिस्त्रीचं म्हणणं खरं निघालं होतं, शब्द न् शब्द. मी सीटवर उठून बसले तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरलेला होता आणि त्याचा मला जास्त राग आला.

तेवढ्यात पोलिसांची गाडी गल्लीत शिरली. आमच्या टॅक्सीने अर्धा रस्ता अडवला होता. पुढच्या सीटवरून एक फौजदार उतरला, मागे दोन शिपाई. नाक्यावरची माणसं इकडे सरकायला लागली.

"ही गाडी पुढे घ्या," फौजदार म्हणाला.

मी खाली उतरले. हात काळे, केस विस्कटलेले, एक हात बोडका. "आज हरताळ आहे. आज गाडी हलणार नाही."

"मी सांगतोय."

"तुमची जाईल बाजूने. आमची हलायची नाही."

"मालक कुठाय हिचा?"

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "ठाण्याक. तुमीच न्हेलास त्येका."

गॅलरीतून कुणीतरी फस्सकन हसलं. फौजदाराचे कान लाल झाले. त्याची नजर सासूबाईंच्या हातातल्या तारांवर गेली. "ते काय आहे?"

"दिवा."

"कसला दिवा? तारा कसल्या? काय जोडताय तुम्ही गाडीत?"

दिवस तसे होते. शिपाई दोन पावलं पुढे आला. मी सासूबाईंच्या हातून दिवा घेतला. बोनेट उघडंच होतं. "बघा, कसला ते," म्हणाले, चिमटा बॅटरीच्या एका टोकाला लावला आणि खिळा दुसऱ्या टोकावर. दिवा लख्ख पेटला. "काटे बिघडलेत. दुरुस्त करतेय. ह्यात काही कायदा मोडतो का?"

फौजदाराने दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मागे जमलेल्या माणसांकडे बघितलं. "संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा पाहिजे," असं म्हणून गाडीत बसला. त्यांची गाडी आमच्या बाजूने इंचाइंचाने निघून गेली. गॅलरीतून टाळ्या पडल्या. नाक्यावरून घोषणा उठली.

मी तिथेच उभी होते, दिवा हातात धरून. सकाळपासून हा दिवा एकदाही लागला नव्हता, आणि आत्ता लख्ख लागला. म्हणजे बल्ब चांगला. तारा चांगल्या. मग आत का लागत नाही? मिस्त्री म्हणणार, वीज येत नाही म्हणून. पण बॅटरीचा काटा तर जिवंत होता. पुढचे मोठे दिवे लावले की तो खाली झुकायचा. म्हणजे त्या काट्यापर्यंत वीज येत होती, यात शंकाच नव्हती.

मी पुन्हा आत शिरले. चिमटा पाटीच्या कडेला, पहिल्यासारखाच. खिळा मात्र बॅटरीच्या काट्यामागे टेकवला, जिथे वीज होतीच होती.

"लागला?"

"नाय."

"नक्की नाही?"

"डोळे फुटले नाय माझे अजून."

जिथे वीज आहे तिथेही दिवा नाही म्हणतो. मग खोटं कोण बोलत होतं? खिळा बरोबर जागी होता. राहिला चिमटा. मी चिमटा पाटीवरून काढला, दाराच्या बिजागरीला रंग उडाला होता तिथे लावला, आणि खिळा पेट्रोलच्या काट्यामागे नेला.

"लागलो!" सासूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मी डोकं डॅशबोर्डावर आपटून घेतलं. "लागलो गो लागलो!"

वीज सकाळपासून येत होती. मिस्त्री बघत होता तेव्हाही येत होती. ती परत जाऊ शकत नव्हती. कारखान्यात दिव्याची एक तार बॅटरीला आणि दुसरी गुंडाळलेल्या तारेला लावताना मी हेच रोज करायचे: बॅटरीतून निघालेली वीज फिरून बॅटरीत परत आली तरच दिवा लागतो. गाडीत तिला परतायला वेगळी तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच तिची परतीची वाट. काटे पाटीला टेकलेले, पाटी सांगाड्याला टेकलेली, म्हणून काटे चालायचे. आता पाटी कशाला टेकली होती? बॅटरीच्या काट्याला येणारी आणि जाणारी अशा दोन्ही तारा स्वतःच्या होत्या, म्हणून तो एकटा वाचला होता.

मी पाटीचे स्क्रू काढले आणि पाटी पुढे ओढली. मागून पुढून रंग. ती जिथे बसायची त्या कडेवर रंगाचा जाड थर, स्क्रूंच्या भोकांत रंग. भावोजींनी एवढ्या हौसेने लावलेला तो चमकदार काळा रंग पाटीला सगळ्या गाडीपासून तोडून बसला होता.

चाकूने आणि काचपेपरने मी तो रंग खरवडायला घेतला. नवाकोरा रंग खरवडताना बघून गॅलरीतली म्हातारी म्हणाली, "अगो, खराब करतंय ही!" सासूबाईंनी तिला तिथल्या तिथे उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडलं. वर आणखी एक तारेचा तुकडा पाटीपासून सांगाड्यापर्यंत आवळून टाकला, पुन्हा कुणी रंगवलं तरी वाट बंद होऊ नये म्हणून. पाटी बसवली. किल्ली फिरवली.

पेट्रोलचा काटा एकदा थरथरला आणि वर चढायला लागला. अर्ध्याच्या जरा खाली जाऊन थांबला. सासूबाई त्याला बोट लावून बघत होत्या. मग मी इंजिन चालू केलं. आवाज होताच नाक्यावरून एक कार्यकर्ता धावत आला, "ओ बाई, आज हरताळ आहे, गाडी कुठे काढताय?"

"उभीच आहे!" मी खिडकीतून ओरडले. "सकाळी पोलिसांसाठी हलवली नाही ती आता कशाला हलवू?"

इंजिन तापलं तसा दुसरा काटाही उठला. दोन्ही काटे जिवंत होते. मेले कधीच नव्हते.

बांगड्या घालताना सासूबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि फडक्याने कोपरापर्यंत पुसला.

भावोजी परत आले तेव्हा मी त्यांना सीटवर बसवलं आणि किल्ली फिरवायला सांगितली. त्यांनी फिरवली. काट्याकडे बघत राहिले. बंद केली, परत फिरवली. मग खरवडलेल्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "रंग गेला की सगळा."

"गेला."

"किती दिवस टिकणार हे?"

"चालवून बघा ना."

त्यांना आनंद झाला होता की राग आला होता, ते मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दलाल ठरल्याप्रमाणे आला. मला वाटलं होतं, काटे चालू झाले म्हणजे विषय संपला. पण झालं उलटंच. काटे चालू बघून त्याने वाढवून द्यायची तयारी दाखवली. भावोजी विचारात पडले. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला. एवढं करून मी गाडीचा भाव वाढवून दिला होता फक्त.

मी चहा केला नाही. दारात जाऊन उभी राहिले. "गाडी विकायची नाही."

दलाल भावोजींना म्हणाला, "घरात ठरवून घ्या तुम्ही. मी बायकांशी बोलत नाही."

"मग उठा," मी म्हटलं. "कारण गाडी बायकांनीच दुरुस्त केलीय."

"तू गप्प बस!" भावोजी ओरडले. पहिल्यांदाच ओरडले माझ्यावर. "थोरला मी आहे या घरात!"

"थोरले आहात म्हणूनच सांगते. धाकटा आत असताना त्याचं विकलंत, असं व्हायला नको. हे आल्यावर दोघं मिळून विका, मी तोंड उघडणार नाही. आज नाही."

भावोजी उठले. मला वाटलं हात उगारतात की काय. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या, हात पुसत. त्या दलालासमोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या झिलाची गाडी मी विकूक देवचंय नाय. जावा तुमी." मग भावोजींकडे वळल्या. "तू पण माझोच झील. तू आत असतंस तरी मी ह्याच सांगितलंय असतंय."

भावोजी खाली बसले. दलाल गेला. शेवटी भावोजी किल्ली घेऊन उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादरला एक फेरी मारून येतो. काटा बघतो खरा आहे का." परत आले तेव्हा म्हणाले, "खरा आहे."

आमच्यातलं ते भांडण तिथे पूर्ण मिटलं असं मी म्हणणार नाही. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी आईमार्फतच बोलत. पण गाडी चालवत होते, आणि सरकारी तपासणीत, पासिंगच्या दिवशी, गाडी पास झाली तेव्हा मला हाक मारून सांगितलं.

ठाण्याला भेटीला गेले तेव्हा मी ह्यांना सगळं सांगितलं. जाळीच्या पलीकडे ते हसत होते. दलालाचं ऐकल्यावर हसू थांबलं. "दादाने असं केलं?" म्हणाले. मी म्हटलं, "केलं नाही. करणार होते." थोड्या वेळाने म्हणाले, "मला नसतं सापडलं ते." मी म्हटलं, "नसतंच." शेजारचा एक सत्याग्रही मोठ्याने हसला. ह्यांना ते जरा लागलं, मला दिसलं, पण मी बोललेलं मागे घेतलं नाही.

दिवा परत करायला गॅरेजात गेले तेव्हा मिस्त्रीने सगळं नीट ऐकून घेतलं. पान थुंकून आला आणि म्हणाला, "च्यायला. चिमटा मीपण पाटीलाच लावला होता." मग दिवा माझ्याच हातात परत ठेवला. "राहू दे तुमच्याकडे. माझ्याकडे दुसरा आहे." पुढच्याच आठवड्यात त्याने एका टॅक्सीवाल्याला माझ्याकडे पाठवलं. तो दारात आला, मला बघितलं आणि विचारलं, "मिस्त्री कुठायत?" मी म्हटलं, "मीच." तो पाठ फिरवून निघून गेला. मी हाक मारली नाही. तासाभराने परत आला, गाडी घेऊन.

असे आणखी येत गेले. रविवारी आमच्या दारासमोर कधी कधी टॅक्सी उभी असायची आणि तिच्या दारातून माझे पाय बाहेर. कारखान्यातल्या सुपरवायझरला कुणीतरी सांगितलं. त्याने मला बोलावून घेतलं, म्हणाला, एकतर इथे वाइंडिंग करा नाहीतर रस्त्यावर गाड्या. मी म्हटलं, आठवडाभर तुमचं काम चोख होतं की नाही? होतं. मग रविवार माझा. तो पुटपुटला, पण काढलं नाही मला. चाळीतल्या बायकांनीही आधी नाकं मुरडली आणि मग सवय करून घेतली. मी सवय व्हायची वाट बघत बसले नव्हते.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळी काळाचौकी रस्त्यावर होती. दारोदार रांगोळ्या, कंदील, गुलाल. हे तोवर कधीच सुटून आले होते, पांढरा सदरा घालून तयार होते. दादरला रोषणाई बघायला जायचं होतं, भावोजी गाडी पुसून उभे, सासूबाई पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसलेल्या. आणि मी शेजारच्या टॅक्सीच्या डॅशबोर्डखाली. त्या ड्रायव्हरला बायकामुलांना घेऊन तिकडेच जायचं होतं आणि त्याचा पेट्रोलचा काटा दुपारीच पडला होता.

"अगं, चल ना," हे म्हणाले. "आजच्या दिवशी तरी."

"झालं की येते."

"राज्य झालं, तुझं काय व्हायचं राहिलंय?"

"काटा," मी आतून म्हटलं. टाकीकडून येणारी तार सैल होती. ती आवळली, काटा वर आला, त्या ड्रायव्हरच्या पोरांनी आरडाओरडा केला, आणि मी बाहेर निघाले.

हात धुवायला वेळ राहिला नाही. दादरला गर्दीत उभी होते तेव्हा शेजारच्या एका बाईने माझे काळे हात बघून आपलं नवं लुगडं जरा बाजूला ओढून घेतलं. मी हात पदराखाली घेतले नाहीत. दिवे लागले तेव्हा तेच दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या.